वटपौर्णिमा, दशामाता, आवळीभोजन : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सून २०१८ साली नाशिकहून लग्न होऊन इंदूरला आली. त्या वर्षी १५ मेच्या सकाळी तिने गच्चीवरून पाहिले, की शेजारच्या भाभी ताटात बांबूचा पंखा, भिजवलेले हरभरे आणि पाण्याचा कलश घेऊन वडाकडे निघाल्या आहेत. ती धावतच खाली आली आणि म्हणाली, "आई, आपली वटपौर्णिमा राहिली का हो?" वटपौर्णिमा राहिलेली नव्हती, ती अजून त्रेचाळीस दिवसांवर होती. त्या दिवशी ओट्याशी उभे राहून तिला जे समजावून सांगितले, तेच पुढे कॉलनीतल्या इतर सुना, माहेरी आलेल्या लेकी आणि पुण्या-मुंबईहून बदलीवर आलेल्या कुटुंबांतल्या स्त्रिया विचारत गेल्या. ते सारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

इंदूरमध्ये काही स्त्रिया वडाची पूजा अमावस्येला करतात आणि आपण पौर्णिमेला करतो. यांतले बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर आहे. उत्तर भारतात, आणि म्हणून माळव्यातल्या हिंदीभाषक घरांतही, हे व्रत ज्येष्ठ अमावस्येला केले जाते. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ते ज्येष्ठ पौर्णिमेला होते. होळकरांच्या बरोबर जी मराठी घराणी इंदूरला आली, त्यांनी आपले पंचांग आणि आपली पौर्णिमा सोबत आणली, आणि अडीचशेहून अधिक वर्षे माळव्यात राहूनही ती सोडली नाही. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या वडाला दर उन्हाळ्यात दोनदा सूत गुंडाळले जाते.

गोंधळ होतो तो महिन्यांच्या नावांमुळे. आपला महिना अमावस्येला संपतो, म्हणजे तो अमान्त. येथील हिंदी पंचांगातला महिना पौर्णिमेला संपतो, म्हणजे तो पूर्णिमान्त. याचा परिणाम असा, की शुक्ल पक्षाच्या महिन्याचे नाव दोन्ही पंचांगांत एकच असते, मात्र कृष्ण पक्षाचे नाव हिंदी पंचांगात एक महिना पुढचे असते. भाभींची ज्येष्ठ अमावस्या म्हणजे आपल्या कालनिर्णयातली वैशाख अमावस्या. त्याच दिवशी शनैश्चर जयंती असते, आणि जुनी इंदूरच्या शनिमंदिराकडे जाणारी गर्दी दिसली, की वडाखालीही आज गर्दी असणार हे ओळखावे. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले, तर माळव्यात राहणाऱ्या मराठी स्त्रीची निम्मी अडचण दूर होते: शुक्ल पक्षातले सण जुळतात, कृष्ण पक्षातल्या सणांच्या महिन्याचे नाव सरकते.

मग कधी पंधरा दिवसांचे आणि कधी दीड महिन्याचे अंतर का पडते?

एरवी अंतर साधारण पंधरा दिवसांचेच असते. २०२५ साली अमावस्येचे व्रत २६ मे रोजी आणि आपली वटपौर्णिमा १० जून रोजी होती. मात्र ज्या वर्षी ज्येष्ठ हाच अधिक महिना येतो, त्या वर्षी अमावस्येचे व्रत अधिक मास सुरू होण्यापूर्वी होऊन जाते आणि वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, म्हणजे अधिक मास संपल्यानंतर येते. २०१८ साली असेच झाले होते. २०२६ सालीही ज्येष्ठ अधिक असल्यामुळे पहिले व्रत १६ मे रोजी आणि दुसरे २९ जून रोजी येते. अधिक महिन्यातल्या पौर्णिमेला वडाची पूजा करू नये, असे नव्हे. झाडाला पाणी घालायला कोणताही दिवस चांगला. व्रताची पौर्णिमा मात्र निज महिन्याचीच धरावी.

सावित्रीच्या मूळ कथेत वड आहे का?

हा प्रश्न फार थोड्या जणी विचारतात, आणि मला तो सर्वांत आवडतो. सावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. द्रौपदीच्या दुःखाने व्यथित झालेला युधिष्ठिर विचारतो, की अशी पतिव्रता पूर्वी कुणी झाली आहे का, आणि मार्कंडेय ऋषी त्याला मद्र देशाच्या अश्वपती राजाच्या मुलीची ही कथा सांगतात. तिने स्वतः रथात बसून, देश हिंडून, वर निवडला. राज्य गमावलेल्या अंध द्युमत्सेनाचा मुलगा सत्यवान एका वर्षात मरणार, हे नारदाने स्पष्ट सांगितल्यावरही तिने निवड बदलली नाही. तो दिवस जवळ आला तेव्हा तिने तीन रात्रींचे व्रत केले, आणि चौथ्या दिवशी लाकडे तोडायला निघालेल्या नवऱ्याबरोबर ती रानात गेली. सत्यवानाचे डोके दुखू लागले, तो तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपला, आणि यम आला. महाभारताच्या या कथनात वडाचे नाव नाही. वड आला तो पुढच्या पुराणांतल्या व्रतकथांतून, आणि एकदा आला तो असा रुजला, की आज त्याच्यावाचून ही कथा डोळ्यांसमोर उभीच राहत नाही.

मूळ कथेतली आणखी एक गोष्ट आपल्या घरांतून सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते. सावित्रीने यमाशी भांडण केले नाही आणि त्याच्यापुढे रडगाणेही गायले नाही. ती त्याच्यामागून चालत राहिली आणि बोलत राहिली. सात पावले बरोबर चालले की मैत्री होते, असे जाणते सांगतात. त्या मैत्रीच्या नात्याने मी बोलते आहे, असे ती मृत्यूच्या देवाला म्हणाली. सासऱ्याचे डोळे, सासऱ्याचे राज्य, वडिलांना शंभर पुत्र आणि स्वतःला शंभर पुत्र असे चार वर तिने मागून घेतले. यमाने पाचवा वर देऊ केल्यावर तिने दाखवून दिले, की सत्यवान परत दिल्यावाचून चौथा वर खरा होणार नाही. तिच्या वाणीचे आणि बुद्धीचे हे यश आहे. पूजेच्या वेळी पोथी वाचायला वेळ नसेल, तर निदान एवढे तरी शेजारी बसलेल्या मुलीला सांगावे.

बाजारातून वडाची फांदी आणून घरी पूजा केली तर चालेल का?

कृपा करून तसे करू नये. या व्रतात आपण झाडाच्या दारी जातो, त्याच्या मुळाशी पाणी घालतो. 'वटमूले स्थितो ब्रह्मा वटमध्ये जनार्दनः' असा जो श्लोक गुरुजी म्हणतात, त्यात मूळ, मध्य आणि शेंडा असे उभे झाड अभिप्रेत आहे. 'वट सिंचामि ते मूलम्' असे म्हणायचे आणि समोर मूळच नसलेली फांदी तांब्यात खोचून ठेवायची, यात पूजेचा अर्थ उरत नाही. त्यातून पौर्णिमेच्या आदल्या रात्री एका-एका झाडाच्या खालच्या सगळ्या फांद्या कोयत्याने उतरवल्या जातात. वडाच्या तोडलेल्या जागेतून पांढरा चीक गळत राहतो. तो वाळून खोडावर काळपट ओघळ उरतात. वटपौर्णिमेनंतरच्या सकाळी एखाद्या वडाखाली जाऊन ते ओघळ एकदा जवळून पाहावेत.

प्रकृतीमुळे किंवा वयामुळे झाडापर्यंत जाणे शक्य नसेल, तर पाटावर चंदनाने किंवा हळदी-कुंकवाने वडाचे चित्र काढून त्याची पूजा करण्याची जुनी रीत आहे. आमच्या सासूबाई गुडघे दुखू लागल्यावर तसेच करीत. त्या पारंब्या इतक्या बारकाईने काढीत, की नातवंडे त्यांत माकडे काढायला बसत. कुंडीत वडाचे रोप ठेवून त्याची पूजा केली तरी चालते, पण ते रोप कधीतरी जमिनीत जाणार आहे, हे मनात असावे.

सूत कोणते वापरावे, आणि किती फेरे घालावेत?

फेऱ्यांबाबत घराघरांत भेद आहेत. बहुतेक मराठी घरांत सात फेरे घालतात, काही जणी तीन किंवा पाच, आणि ज्यांचा संकल्प असतो त्या एकशे आठ घालतात. आपल्या घरची जी रीत असेल ती पाळावी. याबाबत कुणी कुणाला दोष देण्याचे कारण नाही.

सुताबाबत मात्र मी आग्रही आहे. पूजेचे सूत पांढरे, कच्चे, सुती असावे. ते एका पावसाळ्यात कुजून गळून पडते आणि झाडाला काही होत नाही. अलीकडे येथे नाडा किंवा मौली म्हणून जे लाल-पिवळे गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे कृत्रिम धाग्याचे असतात. धागा ओळखायचा असेल, तर घरी त्याचे एक टोक जाळून पाहावे. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक गोळी उरते. असा धागा वर्षानुवर्षे खोडावर राहतो. खोड जाड होत जाते, धागा ढिला होत नाही, आणि शेवटी तो सालीत रुततो. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या नलिका सालीच्या आतल्या थरात असतात. त्या आवळल्या गेल्या की झाडाची मुळे उपाशी राहतात. आमच्या कॉलनीतल्या एका कोवळ्या वडावर असा वळ पडला होता. तो धागा छोट्या कात्रीने कापून काढायला आम्हा तिघींना एक अख्खी दुपार लागली, आणि वळाची ती खाच अजून बोटाला लागते.

म्हणून कोवळ्या झाडाला सूत गुंडाळूच नये. जुन्या झाडाला गुंडाळताना हात सैल ठेवावा. तेल-कापराचा दिवा खोडाच्या ढोलीत न ठेवता पारावर, खोडापासून हातभर दूर ठेवावा.

विधवा, अविवाहित किंवा अपत्य नसलेल्या स्त्रियांनी हे व्रत करावे का?

करावे. जुन्या धर्मनिबंधांत या व्रताच्या अधिकाराविषयी स्कंदपुराणातले म्हणून जे वचन दिले जाते, त्यात सधवा, विधवा, पुत्रवती आणि निपुत्रिक अशा सर्व स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे रूढीने ते केवळ सुवासिनींचे करून टाकले, आणि ज्या बाईला आधाराची सर्वांत अधिक गरज असते, तिलाच वडाच्या पारावरून उठवले गेले. माझी आत्या ऐन तारुण्यात विधवा झाली. दर वटपौर्णिमेला ती घरच्या सगळ्यांसाठी वडाच्या वाटेवर सडा घालायची आणि स्वतः मात्र फाटकाशी थांबायची. लहानपणी मला त्यात काही वावगे वाटले नाही, याचे आज फार वाईट वाटते. आता आमच्या पारावर ज्या स्त्रीला यायचे असेल तिने यावे, ओटीही सर्वांची भरली जावी, असे आम्ही ठरवले आहे.

मासिक पाळी आली तर काय करावे, हाही प्रश्न येतो. जुनी पद्धत अशी, की उपवास स्वतः करावा आणि पूजा दुसरीच्या हातून करवून घ्यावी. ज्यांच्या मनाला ही अट पटत नाही, त्यांनी आपल्या श्रद्धेनुसार वागावे.

उपवास किती दिवसांचा, आणि काय खावे?

शास्त्रात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून तीन रात्रींचा उपवास सांगितला आहे, सावित्रीने केला तसा. आज बहुतेक घरांत तो पौर्णिमेच्या एका दिवसाचा असतो. इंदूरमध्ये उपवासाच्या पदार्थांना फरियाली म्हणतात. दुकानातल्या पाटीवर हा शब्द दिसला की नव्याने आलेल्या मराठी बायका अडखळतात. आपली भगर किंवा वरी येथे मोरधन या नावाने मिळते. राजवाड्याच्या आणि सराफ्याच्या परिसरात साबुदाण्याची मोकळी, वाफेवरची खिचडी वर फरियाली मिक्श्चर घालून देतात. ती चवीला उत्तम असते, पण त्या मिक्श्चरात आपल्या घरच्या नियमात न बसणारे काही आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

ज्येष्ठातले ऊन लक्षात घेता निर्जळी राहण्याचा हट्ट धरू नये. गरोदर, बाळंतीण, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. फळे आणि दूध घेऊन केलेले व्रतही व्रतच असते.

वाणासाठी फणस आणि करवंदे इंदूरला मिळत नाहीत. त्याऐवजी काय द्यावे?

आंबा, फणस, करवंदे, जांभळे आणि केळी ही यादी कोकण-देशावरच्या हंगामावरून ठरलेली आहे. पाच फळे त्या ऋतूतली, त्या मातीतली असावीत, हा त्यामागचा भाव. माळव्यात जूनच्या सुरुवातीला मांडूकडून येणारी पिवळी, बोटाच्या पेराएवढी, चिकट गोड खिरणी मिळते. पाऊस लवकर आला तर जांभळेही येतात. आंबा आणि केळी तर असतातच. गेली अनेक वर्षे आम्ही वाणात खिरणी घालतो. चिकामुळे ती ओठांना चिकटते, म्हणून लहान मुलांना तिचे फार कौतुक.

सोमवती अमावस्येला पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा का घालतात?

सोमवारी येणाऱ्या अमावस्येला सोमवती म्हणतात. पिंपळ हा विष्णूचे रूप मानला जातो. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'अश्वत्थः सर्ववृक्षाणाम्' असे भगवंतच सांगतात. प्रदक्षिणा मोजण्यासाठी प्रत्येक फेरीला एक फळ, एक बत्तासा किंवा एक शेंगदाणा ठेवतात.

या व्रताची कथा सोमा परटिणीची आहे. एका ब्राह्मणाच्या मुलीला सप्तपदीच्या वेळीच वैधव्य येणार, असे भाकीत होते. सिंहलद्वीपातली सोमा नावाची परटीण हे टाळू शकेल, असे कळल्यावर ती मुलगी भावाबरोबर समुद्र ओलांडून गेली आणि सोमेच्या घरी पहाटे, कुणाला न कळू देता, अंगण झाडू-सारवू लागली. एके दिवशी सोमेने तिला पाहिले, तिची हकिकत ऐकली, आणि ती लग्नाला आली. नवरा मुलगा कोसळला तेव्हा सोमेने आपल्या सोमवती व्रताचे सगळे पुण्य त्या मुलीला देऊन टाकले आणि तो उठून बसला. तिकडे सोमेच्या घरी मात्र तिची स्वतःची माणसे गेली, कारण राखणारे पुण्य तिच्याजवळ उरले नव्हते. परतीच्या वाटेवर तिला सोमवती लागली. तिने वाटेतल्या पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घातल्या, आणि घरी सगळे पुन्हा जिवंत झाले. ज्या समाजात परटिणीची सावलीही टाळली जात होती, त्याच समाजाच्या व्रतकथेत ब्राह्मणाची मुलगी परटिणीचे अंगण झाडते आणि परटिणीचे पुण्य तिला तारते. ही कथा सांगताना हा भाग घाईने उरकू नये.

दशामातेचे व्रत काय असते? आपण ते करावे का?

दशामाता हे माळवा आणि राजस्थानातल्या स्त्रियांचे पिंपळाचे व्रत आहे. हिंदी पंचांगानुसार ते चैत्र कृष्ण दशमीला, म्हणजे आपल्या फाल्गुन वद्य दशमीला, होळीनंतर दहाव्या दिवशी येते. दहा पदरी सुताला दहा गाठी मारून, हळदीने पिवळा केलेला तो दोरा पिंपळाच्या पूजेनंतर गळ्यात बांधतात आणि नळ-दमयंतीची कथा ऐकतात. घराची 'दशा' चांगली राहावी, असा त्यामागचा हेतू. पिंपळाची साल करंगळीच्या नखाने चिमूटभर खरवडून ती सोने म्हणून घरी आणण्याचीही प्रथा आहे. करंगळीच्या नखाने फार काही निघत नाही आणि झाडही सोसते. पण मी चमच्याच्या दांड्याने खरवडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, तेव्हा मला मध्ये पडून बोलावे लागले.

आपल्या मराठी घरांत हे व्रत परंपरेने नाही. तरीही कित्येक घरांत ते शेजारधर्माने शिरले आहे, आणि मला त्यात आनंदच वाटतो. आमच्या शेजारच्या भाभी दशामातेला मला बोलावतात आणि त्या आवळीभोजनाला आमच्याकडे येतात.

पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, हे खरे आहे का?

खरे नाही. कोणतीही वनस्पती प्राणवायू तयार करते ती प्रकाशाच्या साहाय्याने, आणि रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वासोच्छ्वास करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. पिंपळाचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी अशा दाव्याची गरज नाही. वड, पिंपळ आणि उंबर ही तिन्ही झाडे एकाच कुळातली, फायकस वंशातली. त्यांची फुले फळाच्या आत दडलेली असतात आणि चिलटाएवढी एक गांधीलमाशी आत शिरून त्यांचे परागण करते. फळे वर्षात कधीही येतात, म्हणून इतर झाडांवर काही नसते त्या दिवसांतही पक्षी, खारी आणि वटवाघळे यांचे पोट या झाडांवर भरते. भर दुपारी पिकल्या वडाखाली पाच मिनिटे उभे राहिले, तर डोक्यावर तांबट, मैना आणि हरियाल यांचा काय गलका चाललेला असतो, तो ऐकून पाहावा.

आवळीभोजन कधी करावे?

कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हाही. नवमीला आपण कूष्मांड नवमी म्हणतो, येथे तिला आँवला नवमी म्हणतात, आणि शुक्ल पक्ष असल्यामुळे दोन्ही पंचांगांत दिवस एकच असतो. आवळीच्या झाडाची पूजा करून त्याच्या सावलीत जेवायचे, एवढाच विधी. आवळीची सावली विरळ असते, पण कार्तिकातले ऊन कोवळे असल्याने ती पुरते. पिठलं-भाकरी, वांग्याचे भरीत, आवळ्याचे लोणचे आणि भाभींकडचे दाल-बाफले असे आमचे ताट असते.

तुळशीच्या लग्नाला बोरे आणि चिंचा मिळाल्या नाहीत तर?

जे मिळेल ते ठेवावे. ऊस, आवळा आणि झेंडू इंदूरच्या बाजारात भरपूर असतात.

उज्जैनच्या सिद्धवटाला वटपौर्णिमेच्या दिवशी जावे का?

इंदूरहून साधारण पंचावन्न किलोमीटरवर, उज्जैनच्या भैरवगड भागात, क्षिप्रेच्या काठी सिद्धवट आहे. प्रयागचा अक्षयवट, वृंदावनचा वंशीवट आणि गयेचा वट यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते. तो पार्वतीने लावला, असे मानतात. तो कुणा सत्ताधीशाने तोडून वर लोखंडी तवे ठोकले, तरी ते भेदून तो पुन्हा फुटला, असे तेथील लोक सांगतात. तेथे मुख्यतः पितरांसाठी पिंडदान आणि दूध अर्पण होते. दर्शनाला अवश्य जावे. व्रताची पूजा मात्र आपल्या गल्लीतल्या झाडापाशीच करावी, असे माझे मत आहे, कारण सिद्धवटाकडे लक्ष देणारे पुष्कळ आहेत आणि गल्लीतल्या वडाकडे वर्षातून त्या एकाच दिवशी कुणीतरी बघते.

पाराभोवती फरशी घातली आहे. झाडाला पाणी कुठे घालावे?

पूजेच्या दिवशी कलशातले पाणी फरशीवरून वाहून गटारात जाताना पाहिले, की जीव तुटतो. खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, तर मुळांना पाणीही मिळत नाही आणि हवाही. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेच माप आपल्या कॉलनीतही धरावे. रहिवासी संघाच्या बैठकीत हा विषय स्त्रियांनी मांडला, की तो लवकर मान्य होतो, असा माझा अनुभव आहे. झाड तोडायचे असेल, तर मध्य प्रदेशात शहरी भागासाठी २००१ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि परवानगीशिवाय कुणालाही, स्वतःच्या अंगणातले झाडसुद्धा, तोडता येत नाही, हेही घरातल्या सर्वांना माहीत असावे.

या शहरातल्या वस्त्यांच्या नावांतच झाडे आहेत: इमली बाजार, खजुरी बाजार, पिपल्याहाना, पिपल्याराव. १४ जुलै २०२४ रोजी इंदूरने एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून विक्रम केला. रोप लावणे एका सकाळचे काम असते. त्याला पहिले तीन उन्हाळे पाणी घालणे हेच खरे व्रत, आणि ते करायला आपल्या बायकांइतके नेमाचे कोण आहे?

आम्ही ज्या वडाची पूजा करायचो, तो रस्ता रुंद करताना गेला. आता काय करावे?

आमचाही असाच गेला. मार्चमध्ये आरी चालली. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा फक्त बुंधा उरला होता आणि त्यावर कधीचे तरी पांढरे सूत अजून होते. त्या दिवशी तोडलेल्या ढिगातून दंडाएवढ्या जाडीच्या दोन फांद्या आम्ही उचलून आणल्या, खालचे टोक ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले आणि बागेच्या कोपऱ्यात, भिंतीपासून आणि पाण्याच्या नळापासून पुरेसे अंतर सोडून, दोन फूट खोल रोवल्या. वडाची जाड फांदी ओल मिळाली तर मुळे धरते. वरच्या कापलेल्या टोकाला शेण-माती लिंपावी आणि पावसाळा लागेपर्यंत एक दिवसाआड पाणी द्यावे. आमची एक फांदी वाळून गेली. दुसरीला मे महिन्यात, अमावस्येच्या आसपास, तांबूस टोकदार कोंब फुटला.

त्या वर्षी भाभींनी अमावस्येला आणि आम्ही पौर्णिमेला त्याच काठीची पूजा केली. सूत गुंडाळले नाही. भोवती सात फेरे घातले, कलशातले पाणी आळ्यात ओतले, आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवतीचे काटेरी कुंपण परत लावून घरी आलो.